आठ भाग, एकच अकाउंट

माझ्या मुलीची सिरीज कोणी बंद पाडली असं मला विचाराल, तर मी त्या कंपनीचं नाव घेणार नाही. कंपनी आपला धंदा करते. सिरीज बंद पाडली बॉस्टनजवळच्या श्रूजबरी आणि आसपासच्या दोनशे बारा मराठी कुटुंबांनी. तीही वाईटावर टपून नव्हे, चांगली प्रेमाने. बटाटेवडे खात, टाळ्या वाजवत.

पहिल्यापासून सांगते, म्हणजे मी उगीच आकांडतांडव करत नाही हे पटेल.

वल्लरी माझी एकुलती एक मुलगी. जन्म इथलाच, शाळा इथलीच. चोविसाव्या वर्षी तिने मेडिकल स्कूल अर्ध्यावर सोडलं आणि अ‍ॅक्टिंग करायला लॉस एंजेलिसला निघून गेली. मी चार महिने तिच्याशी बोलले नाही. तो विषय वेगळा आहे, आत्ता काढत नाही. त्यानंतर दहा वर्षं ती दुसऱ्यांच्या वाटचं पडत होती. खरोखर पडत होती: जिन्यावरून, घोड्यावरून, चालत्या ट्रकवरून. पडद्यावर चेहरा दिसायचा भलत्याच नटीचा आणि आपटायची आमची पोर. एकदा हनुवटीला सात टाके पडले. मला ते तीन महिन्यांनी कळलं, तेही कुठल्याशा फोटोतून.

आणि ही गोष्ट आमच्या घरात व्हावी! आमच्या घरात एकच नियम होता, कुठेही गेलं की पोचल्यावर फोन करायचा. रूट नाइनवरच्या दुकानात गेलीस तरी कर, बॉस्टनला गेलीस तरी कर. शाळेत असताना ती वैतागायची. "आई, नोबडी एल्स हॅज टु डू धिस!" मी म्हणायचे, नोबडी एल्सची आई मी नाही. मी वूस्टरच्या एका हॉस्पिटलात सत्तावीस वर्षं फार्मसीत काढली. रात्रीच्या बर्फात गाड्या घसरून आलेल्या पोरांची औषधं मी भरून दिली आहेत. तेव्हा मला कोणी शिकवू नये.

तर दीड वर्षापूर्वी वल्लरीला 'केस्ट्रेल नाइन' मिळाली. अ‍ॅक्शन-अ‍ॅडव्हेंचर सिरीज, पहिल्या सीझनचे आठ भाग. आयडाहोच्या डोंगरांत अडकलेल्या माणसांना वाचवणारं एक हेलिकॉप्टर, चार जणांची टीम, कधी पूर, कधी वणवा, कधी बंदूकवाले चोर. आणि हेलिकॉप्टर चालवणारी पायलट तारा पटेल म्हणजे आमची वल्लरी.

"पटेल का गं?" मी विचारलं.

"आई, रायटर्सना तेवढंच आडनाव माहीत होतं."

दहा वर्षांत पहिल्यांदा पडणंही तिचं होतं आणि चेहराही तिचाच होता. पटेल तर पटेल.

ऑगस्टमध्ये आठही भाग एकाच दिवशी आले. आदल्या संध्याकाळी तिचा फोन आला. ती इतकी हळू आणि स्पष्ट बोलत होती की मला आधी वाटलं, कोणी आजारी आहे.

"आई, नीट ऐक. चार आठवडे. स्ट्रीमिंगवाले एवढंच बघतात की किती अकाउंट्सनी आठही एपिसोड शेवटपर्यंत पाहिले. किती लोकांनी नाही, किती अकाउंट्सनी. मध्येच सोडलं तर ते काउंटच होत नाही. सेकंड सीझन त्याच्यावर आहे."

"आणि नाही झाला तर?"

"तर मी परत लोकांसाठी पडायला जाणार. आणि माझे गुडघे आता नाही म्हणतायत, आई."

हे तिने हसत सांगितलं. मी हसले नाही. फोन ठेवल्या ठेवल्या मी इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज टाकला. 'चि. वल्लरीची केस्ट्रेल नाइन ही मालिका उद्या येत आहे. सर्वांनी अवश्य पाहावी.' पाच मिनिटांत सत्त्याऐंशी नमस्कार, टाळ्या आणि फुगे. मला वाटलं, झालं आपलं काम.

दुसऱ्या दिवशी मंडळाचे अध्यक्ष संग्राम यांचा फोन. हे गृहस्थ मूळचे साताऱ्याचे, इथे पुलांचे इंजिनियर, आणि उत्साह असा की दोन माणसं एकत्र दिसली तरी हे कार्यक्रमाची पत्रिका काढतील.

"वहिनी, असं एकेकट्याने घरात बसून कशाला बघायचं? आपली लेक आहे! आपण सामुदायिक बघू."

आमच्या मंडळाला सगळं सामुदायिक करायची सवय. अथर्वशीर्ष सामुदायिक, श्रीखंड-पुरी सामुदायिक, टॅक्स भरण्याबद्दलचं मार्गदर्शनही सामुदायिक. सप्टेंबरच्या सुरुवातीला लेबर डेच्या सुट्टीत दोन दिवस हॉल घेतला, एका दिवशी चार भाग, दुसऱ्या दिवशी चार. भिंतीएवढा पडदा. प्रोजेक्टरला लॅपटॉप संग्रामरावांचा आणि अकाउंटही संग्रामरावांचं. एकशे चाळीस माणसं आली. मी दोन्ही दिवस मागच्या स्वयंपाकघरात होते. मुलीचं कौतुक, तर वडे आईनेच तळायला हवेत, असं कोणी म्हणालं नाही, पण मीच म्हणाले. तेलाच्या चरचरीतून टाळ्या ऐकू येत होत्या, शिट्ट्यासुद्धा. पहिल्या दिवशी तिसऱ्या भागाच्या वेळी तर हॉल एकदम चिडीचूप झाला आणि मग असा कडकडाट की झारा माझ्या हातातून सुटला. मोहन, माझा नवरा, डोळे पुसत आत आला आणि पाणी पिऊन परत गेला. मला वाटलं, हेलिकॉप्टर वाचलं असेल.

एकशे चाळीस माणसं आणि एक अकाउंट. हे मला तेव्हाच कळायला हवं होतं, असं म्हणाल. मी गॅससमोर होते. बाकीचे एकशे एकोणचाळीस खुर्चीत बसले होते, त्यांना विचारा.

जे हॉलवर आले नाहीत ते लताकडून पाहत होते. लता माझी सव्वीस वर्षांची मैत्रीण. तिच्या घरचं विरजण श्रूजबरी ते वेस्टबरोपर्यंत अकरा घरांत लागलेलं आहे आणि ती ते अभिमानाने सांगते. तिच्या अकाउंटचा पासवर्डही त्याच अकरा घरांत आहे. विरजण एकदा दिलं की परत मागत नाहीत, तसंच त्याचंही. ह्या अकरा घरांत सहा डॉक्टर, चार सॉफ्टवेअरवाले आणि एक विद्यापीठात प्राध्यापक. सगळ्यांच्या दारात दोन-दोन गाड्या. फुकट ते पौष्टिक, दुसरं काय?

हॉलचा कार्यक्रम झाल्यावर वल्लरीचा फोन आला. सगळे भाग कसे वाटले ते विचारलं आणि मग जरा थांबून म्हणाली, "आणि तिसरा?"

"छान होता."

"बस? छान?"

"अगं, सगळेच छान होते. तू फार बारीक झाली आहेस."

मग म्हणाली, "ओके, आई."

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सिरीज कॅन्सल झाली. "थोडक्यात गेलं," एवढंच वल्लरी म्हणाली. "नॉट बाय अ लॉट." मला रडायचं होतं, पण ती रडत नव्हती, मग मी कशी रडणार? मी फोन ठेवला आणि कपाटातले सगळे डबे काढून घासायला घेतले. मोहन म्हणाला, "ते डबे स्वच्छच आहेत." मी म्हटलं, असू देत.

मग लोक भेटायला यायला लागले. सुतक असल्यासारखे आवाज खाली करून. लता दुधी हलवा घेऊन आली.

"असं कसं गं झालं? आपण तर सगळ्यांनी पाहिली!"

"कुठे पाहिलीस?"

"हॉलवर! आणि मग माझ्याकडून अकरा घरांनी पाहिली. प्रत्येकाने. काहींनी तर दोनदा." ती डोळे पुसायला लागली. "तो तिसऱ्या भागातला डायलॉग! सुमित्रा, मी तर हमसून हमसून रडले. तुझं कसं झालं असेल तेव्हा?"

"हो ना," मी म्हटलं आणि चहा ओतला. पण माझं लक्ष त्या बोलण्याकडे नव्हतंच. दोनशे बारा कुटुंबं. हॉलवर एक अकाउंट, लताचं एक अकाउंट. माझ्या डोक्यात तिथेच लखकन प्रकाश पडला आणि तळपायाची आग मस्तकात गेली. लताचा हलवा मी तिच्याच डब्यात परत भरून दिला. मला गोड चालत नाही म्हणाले. तिला माहीत आहे मला गोड किती चालतं.

मोहन रात्री समजूत काढायला लागला. "अगं, त्यांना लाखो अकाउंट्स लागतात. आपल्या दोनशेंनी काय झालं असतं?"

"लाख कुठून येतात? दोनशे-दोनशेनेच येतात."

"पण तू..." तो म्हणाला आणि थांबला.

"मी काय?"

"काही नाही. झोप."

नोव्हेंबरात मंडळाचा दिवाळी कार्यक्रम होता, शनिवारी दुपारी, वूस्टरमध्ये. संग्रामरावांनी ठरवलं की वल्लरीचा सत्कार करायचा. शाल आणि श्रीफळ. ती दिवाळीला घरी येणारच होती. तिला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "आई, कॅन्सल झालेल्या शोसाठी शाल? प्लीज, नको." मोहनने मनधरणी केली, काका-मावशींना वाईट वाटेल म्हणाला, म्हणून ती हो म्हणाली. गुरुवारी आली. गुडघ्याला पट्टा बांधलेला. शुक्रवारी मी आणि मोहन फराळाचं सामान आणायला गेलो होतो, ती घरी एकटी सोफ्यावर पडून होती. परत आलो तेव्हा टीव्ही बंद होता आणि ती खिडकीबाहेर बघत बसली होती. मी विचारलं, काय पाहिलंस? म्हणाली, "काही नाही."

शनिवारी हॉल भरलेला. आकाशकंदील, रांगोळी, नव्या सिल्कचा वास. वल्लरीला स्टेजवर खुर्ची दिली. संग्रामरावांनी तिच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि माईक धरला.

"आपण सर्वांनी आपल्या लेकीला भरभरून पाठिंबा दिला," ते म्हणाले. "एकही घर असं नाही की जिथे केस्ट्रेल नाइन पाहिली गेली नाही! पण अमेरिकन मार्केटला तिची कदर नाही, त्याला आपण काय करणार?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी कधी उठले ते मला आठवत नाही. पायऱ्या चढले तेवढं आठवतं, आणि माईक संग्रामरावांच्या हातातून घेताना त्यांचं बोट मुरगळलं असावं, कारण ते "आई गं" म्हणाले.

"मार्केटला कदर नाही?" मी म्हटलं. "मला एक सांगा. इथे तीनशे माणसं आहेत. आपल्या स्वतःच्या अकाउंटवर, आपल्या घरी बसून, आठही भाग शेवटपर्यंत कोणी पाहिले? हात वर करा."

हॉलमध्ये कुजबूज.

"लाजू नका. हात वर करा!"

सात हात वर आले. मी मोजले. त्यातला एक नंतर खाली गेला.

"सहा," मी म्हटलं. "सहा! ही मुलगी दहा वर्षं पाठीवर पडली, गुडघ्यावर पडली, तोंडावर पडली. तिला तुमच्याकडून काय हवं होतं? टीव्हीसमोर बसायचं होतं. तुम्ही तसेही रोज बसता! पण नाही, आम्ही मिळून बघणार, आम्ही लताच्या पासवर्डवर बघणार. लाखाच्या गाड्या दारात आणि बघायला शेजारणीचं अकाउंट! आणि वर शाल घालता? ही शाल घाला तुमच्या प्रोजेक्टरला!"

लता तिसऱ्या रांगेत होती. ती मान खाली घालून बांगड्या फिरवत होती. माझी जीभ आवरत नव्हती आणि मला ती आवरायचीही नव्हती.

संग्रामराव बोट चोळत हळूच म्हणाले, "वहिनी, तुमच्या मेसेजमध्ये अकाउंटचं काही नव्हतं हो. सर्वांनी अवश्य पाहावी, एवढंच होतं. आम्ही पाहिली."

खरं होतं ते. त्या दिवशी मी लिहिलं होतं, 'कृपया आपापल्या अकाउंटवर'. मग पुसलं. पदर पसरल्यासारखं वाटलं. आपण कोणापुढे मागणारे नाही.

"हे लिहायला लागतं?" मी ओरडले. "तीस वर्षं कॉम्प्युटर वापरणारी माणसं तुम्ही!"

मग मी वल्लरीकडे पाहिलं. ती शाल पांघरून, मांडीवर नारळ घेऊन बसली होती आणि टक लावून माझ्याकडे पाहत होती. मला वाटलं, पोरीला आज पहिल्यांदा कळलं की तिची आई तिच्या बाजूने आहे. मी माईक टेबलावर ठेवला आणि आम्ही तिघं निघालो. फराळाला थांबलो नाही.

मोहन गाडी चालवत होता. मी पुढे बसून अजून बोलतच होते. लताबद्दल, संग्रामरावांच्या प्रोजेक्टरबद्दल, त्या खाली गेलेल्या सातव्या हाताबद्दल. तलावावरचा पूल आला तेव्हा मागून वल्लरी म्हणाली, "आई, तुझा हात?"

"काय झालं माझ्या हाताला?"

"तू सगळ्यांना हात वर करायला सांगितलास. तू नाही केलास."

"माझ्या हातात माईक होता."

"दुसरा रिकामा होता."

मोहनने आरशात पाहिलं आणि गाडीचा वेग कमी केला.

"काल तुम्ही दोघं बाहेर गेलात तेव्हा मी टीव्ही लावला," वल्लरी म्हणाली. तिचा आवाज मुळीच चढलेला नव्हता. "तुमचं अकाउंट. केस्ट्रेल नाइन, एपिसोड थ्री. नाइन्टीन मिनिट्स लेफ्ट. ऑगस्टपासून तिथेच आहे ते."

"मी हॉलवर सगळी पाहिली, बेटा," मोहन म्हणाला.

"आय नो, बाबा."

मी समोरच्या काचेतून बघत राहिले. काय सांगायचं होतं? पहिल्याच रात्री मी एकटी बसले होते. दोन भाग पाहिले. तिसऱ्या भागात ते हेलिकॉप्टर दरीत कोसळतं आणि वल्लरी त्यात उलटी लटकते, पट्ट्याला अडकून, आणि रक्त कपाळावरून केसांत जातं. ते रक्त खोटं आहे हे मला कळत होतं. सत्तावीस वर्षं हॉस्पिटलात काढली, मला रंग कळतो. पण हनुवटीवरची खूण खरी होती. उलटी लटकल्यामुळे ती अगदी कॅमेऱ्यासमोर आली. मी टीव्ही बंद केला. उद्या पाहू म्हटलं. दुसऱ्या दिवशीही उद्या पाहू म्हटलं. मग हॉल ठरला आणि मी स्वतःहून कढईसमोर जाऊन उभी राहिले. म्हणजे तिथेही पडद्याकडे पाठ.

"रक्त होतं," मी म्हटलं.

"देन से दॅट! मला सांगायचंस, वल्ली, मला नाही बघवलं. पण तू म्हणालीस छान होता." आता मात्र तिचा आवाज फाटला. "मी ऑगस्टपासून वाट बघतेय, तू तिसऱ्याबद्दल काहीतरी म्हणशील म्हणून. काउंट गेला खड्ड्यात, आई. लतामावशी रडली. संग्रामकाकांनी मला मेसेज केला. तू म्हणालीस, बारीक झाली आहेस!"

मला भयंकर राग आला होता आणि तो कोणावर काढावा ते कळत नव्हतं. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, ही म्हण मी लोकांना आयुष्यभर ऐकवत आले.

घरी आल्यावर मी साडीही बदलली नाही. सोफ्यावर बसले आणि रिमोट घेतला.

"आता काउंट नाही होणार ते," वल्लरी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "चार आठवडे कधीच संपले."

"गप्प बस," मी म्हटलं. वरातीमागून घोडं तर घोडं.

चित्र तिथूनच सुरू झालं. वल्लरी उलटी, केसांत रक्त. माझा अंगठा बटणावर गेला, तो मी दुसऱ्या हाताने धरून ठेवला. हेलिकॉप्टर कड्याच्या टोकावर अडकलं आहे, हललं तर खाली जाईल. रेडिओवर पलीकडचा माणूस सांगतो, सकाळपर्यंत कोणी पोचू शकत नाही. तुझ्या आईचा फोन लाइनवर आहे, तिला फार काळजी लागली आहे, जोडून देऊ? वल्लरी डोळे मिटते. पायाखाली आभाळ आणि डोक्याखाली दरी. फोन जोडला जातो. मग ती अगदी रोजच्या आवाजात, दमल्यासारखी, किल्ली शोधत दारात उभी असल्यासारखी, चक्क मराठीत म्हणते: "हो आई, पोचले गं. आत्ताच पोचले. तू जेवून घे."

एवढंच. मग रेडिओ बंद होतो आणि ती रडते.

मी ते थांबवून मागे घेतलं आणि परत ऐकलं. पुन्हा एकदा ऐकलं. अमेरिकेच्या टीव्हीवर, त्या पटेलच्या तोंडून, माझ्या घराचा नियम. हॉलमध्ये एकशे चाळीस माणसांनी तो ऐकला आणि मी भिंतीपलीकडे वडे उलटत होते.

वल्लरी येऊन सोफ्याच्या हातावर टेकली होती. "त्यांनी लिहिलं होतं, टेल मॉम आय लव्ह हर," ती म्हणाली. "मी म्हटलं, आमच्याकडे असं कोणी म्हणत नाही. तीन आठवडे भांडले त्यांच्याशी. नंतर लोक ऑनलाइन हसले, पटेल मराठी कशी बोलते म्हणून."

मला माफी मागता येत नाही. घरात कोणी शिकवलं नाही आणि पुढे मीही शिकले नाही. मी तिच्या गुडघ्याचा पट्टा नीट केला, जो नीटच होता, आणि चौथा भाग लावला. मग पाचवा. आठवा संपला तेव्हा ती माझ्या पलीकडे झोपून गेली होती. शेवटची नावं वर सरकत गेली, मी तिचं नाव येईपर्यंत बसून राहिले आणि त्यानंतरही.

रविवारी सकाळी मोहनने तिला विमानतळावर सोडलं. दारात मी नेहमीसारखं म्हणाले, "पोचलीस की फोन कर." तिने मान हलवली.

दुपारी चारच्या सुमारास फोन वाजला. मेसेज होता. एकच शब्द. पोचले.

एरवी मी अंगठा पाठवते आणि कामाला लागते. त्या दिवशी मी तो शब्द बघत राहिले आणि मग तिला फोन लावला. तिने तो बराच वेळ उचलला नाही.

"खरंच पोचलीस?" मी विचारलं.

मागे गाड्यांचे आवाज येत होते, कोणीतरी माइकवर काहीतरी सांगत होतं.

"नाही," ती म्हणाली. "एअरपोर्टच्या बाहेर बाकावर बसलेय. तास झाला असेल. घरी जाऊन काय करायचं ते कळत नाहीये, आई."

मला रडू फुटत होतं, म्हणून मी चिडले. आधी त्या कंपनीला झोडपलं, मग पटेल आडनाव ठेवणाऱ्या लेखकांना, मग संग्रामरावांना, त्यांच्या प्रोजेक्टरला, लताच्या विरजणाला. वल्लरी ऐकत होती. शेवटी कोणी उरलं नाही.

"आणि ती तुझी आई," मी म्हटलं. "तिच्यासारखी भित्री बाई मी आजवर पाहिली नाही. एकोणीस मिनिटं बसवलं नाही तिला. लोकांना हात वर करायला लावते!"

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. हसली की रडली, सांगता येणार नाही.

"बोलत राहा," वल्लरी म्हणाली. "मी टॅक्सी घेते."

मी बोलत राहिले. तिची टॅक्सी हायवेला लागली, ट्रॅफिकमध्ये अडकली, मी बोलतच होते, मोहन दोनदा येऊन बघून गेला. मग गाडीचं दार, जिना, तिचा पाय ओढत चढण्याचा आवाज. कुलपात किल्ली फिरलेली मी स्वतःच्या कानांनी ऐकली, आणि मगच फोन ठेवला.